पाणी कमी घाल म्हणणारा माणूस

स्लॅबचा दिवस म्हणजे घरधन्यासाठी सणच. सकाळी नारळ फुटतो, मिक्सर धडधडायला लागतो, घमेली एका हातातून दुसऱ्या हातात वर चढू लागतात आणि संध्याकाळी माणसांना जेवायला काय घालायचं यावर घरात खलबतं होतात. या गडबडीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'पाणी वाढव रे.' वर माल पसरणाऱ्याला तो घट्ट लागतो, हात भरून येतात, ऊन चढत असतं. मिक्सरवरचा पोरगा आणखी अर्धी बादली ओततो. मग माल कसा सरसर पसरतो, काम झपाझप उरकतं, आणि दिवस मावळताना वरचा भाग गुळगुळीत दिसतो. सगळे खूश असतात.

एखाद्याच साइटवर मिक्सरपाशी उभा असलेला जुना गवंडी त्या पोराचा हात धरतो आणि म्हणतो, 'पाणी कमी घाल.' कारण विचारलं तर तो लांबलचक सांगत बसत नाही. 'माल मरतो' एवढंच म्हणतो.

त्या दोन शब्दांमागचं शास्त्र शंभर वर्षांपूर्वी मांडलं गेलं. डफ अब्रॅम्स या अमेरिकी अभियंत्याने 1918 मध्ये असंख्य चाचण्यांनंतर दाखवून दिलं, की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. सिमेंटला घट्ट होण्यासाठी त्याच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी पुरतं. त्याहून जास्त पाणी केवळ माल हाताळता यावा म्हणून घालायचं असतं. हे जादा पाणी पुढे उडून जातं आणि जाताना आपल्या जागी बारीक बारीक पोकळ्या सोडून जातं. 50 किलोच्या गोणीला साधारण 25 लिटर पाणी, तेही वाळूतला ओलावा धरून, हा ठीक हिशेब. तेच 35 लिटरवर गेलं तर काँक्रीटची जवळजवळ एक तृतीयांश ताकद जाऊ शकते. सिमेंट तितकंच, सळई तितकीच, मजुरी तितकीच. फरक फक्त दहा लिटर पाण्याचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

कसबी माणूस आणि अर्धवट शिकलेला माणूस यांच्यातला फरक हा असाच, न दिसणाऱ्या जागी राहतो. आपण कामाची पारख करतो ती मात्र दिसणाऱ्या जागेवरून. प्लास्टर गुळगुळीत आहे का, लादीच्या रेघा सरळ आहेत का, बटण दाबलं की दिवा लागतो का, एवढ्यावर हिशेब चुकता होतो आणि माणूस निघून जातो. त्या कामाची खरी परीक्षा सुरू होते तेव्हा तो माणूस कुठे असतो, हे कुणालाच ठाऊक नसतं.

स्लॅबचीच गोष्ट थोडी पुढे नेऊ. सळई आणि काँक्रीटची बाहेरची बाजू यांच्यामध्ये ठरावीक अंतर राखावं लागतं. स्लॅबला किमान 20 मिलिमीटर, खांबाला 40. हे अंतर राखायला सळईखाली सिमेंटचे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, ठेवतात. कव्हर ब्लॉक संपले की अर्धवट कामगार विटेचा तुकडा नाहीतर खडी सरकवतो, किंवा तेही करत नाही आणि सळई थेट फळीवर टेकते. ओतल्यावर सगळं झाकलं जातं. पुढे पाणी आणि हवा आत शिरते, सळई गंजते. गंज मूळच्या लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, म्हणून आतून दाब येतो आणि एके दिवशी छताचा पापुद्रा खाली येतो. कोकणात आणि मुंबईत खाऱ्या हवेने हे आणखी लवकर होतं. तोवर आठ-दहा पावसाळे उलटलेले असतात आणि घरधनी दोष देतो तो सिमेंटच्या कंपनीला.

4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून 74 माणसं गेली. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडमध्ये 'तारिक गार्डन' ही इमारत कोसळली, 16 जण दगावले. ती इमारत जेमतेम सात-आठ वर्षांची होती. अशा दुर्घटनांना बांधणारे बिल्डर, डोळेझाक करणारे अधिकारी, सगळेच जबाबदार असतात आणि हाताने काम करणाऱ्या गवंड्यावर ते खापर फोडणं अन्यायाचं ठरेल. पण एक प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. अशा इमारती उभ्या राहत असताना 'हे चुकतंय' असं म्हणू शकणारी, आणि म्हटल्यावर जिचं कुणी ऐकेल अशी, किती माणसं साइटवर असतात?

इथे 'हौशी' या शब्दाची बाजू घ्यायला हवी. कसबी विरुद्ध हौशी अशी मांडणी सर्रास केली जाते आणि ती हौशी माणसावर अन्याय करणारी आहे. मराठीत तरी हा शब्द कधी शिवी नव्हता. 1950 च्या दशकापासून चालत आलेली राज्य नाट्यस्पर्धा हौशी कलावंतांचीच. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद. पुण्यात हौशी रंगभूमीवर ते वर्षानुवर्षं कामं करत होते आणि 1969 मध्ये पूर्णवेळ नट झाले. त्या आधीच्या त्यांच्या कामाला कुणी कच्चं म्हटलं नसतं.

त्याहून नेमकं उदाहरण पुण्याच्याच ज्योतिर्विद्या परिसंस्थेचं. 1944 मध्ये स्थापन झालेली ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था. दुर्बिणीचा आरसा हाताने घासून तयार करण्याची परंपरा जगभरच्या अशा हौशी मंडळींनी जपली आहे. काचेच्या दोन चकत्या घ्यायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि एकीवर दुसरी घासत राहायची. वरची चकती हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. मग पूड बारीक, आणखी बारीक, शेवटी डांबरासारख्या राळेवर चकाकी. चांगल्या आरशाच्या पृष्ठभागावर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या भागाएवढीच चूक चालते. म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण हजारावा हिस्सा. हे काम शिक्षक, कारकून, विद्यार्थी, निवृत्त माणसं घरच्या टेबलावर करतात आणि त्यांना ते जमतं.

जमतं, कारण ते तपासतात. लिऑन फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात शोधलेली एक साधी चाचणी आहे. एक बारीक दिवा, एक ब्लेड आणि आरसा, एवढंच साहित्य. ब्लेड हळूच प्रकाशाच्या वाटेत सरकवलं की आरशावरचे उंचवटे आणि खळगे सावल्यांसारखे डोळ्यांसमोर उभे राहतात. आरसा घासणारा माणूस थोडा घासतो, थांबतो, काच थंड होऊ देतो, तपासतो, आणि चूक दिसली की पुन्हा घासायला बसतो. त्याला पैसे मिळत नाहीत, पण तो कसबी आहे. उलट, रोज मजुरी घेणारा आणि केलेल्या कामाकडे वळूनही न बघणारा माणूस वीस वर्षं ते काम करूनही कच्चाच राहतो. तेव्हा रेघ ओढायचीच असेल तर ती पगारी आणि बिनपगारी यांच्यात ओढू नये. काम झाकलं जाण्याआधी ते तपासणारा आणि न तपासणारा, यांच्यात ती ओढावी.

तपासायचं म्हणजे काय, हे ऐकायचं असेल तर मिरजेला जावं. दर्ग्याजवळच्या गल्ल्यांमध्ये सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्यांची दुकानं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब यांनी इथे हे काम सुरू केलं असं सांगतात. घराणं मूळचं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. संस्थानिकांच्या लढाया थांबल्या, तलवारींचं काम आटलं आणि तेच हात तंतुवाद्यांकडे वळले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, लाकूड तुणाचं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि गावाची आणि गाण्याची सांगड पक्की झाली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

तंबोरा जुळवून दिला की काम संपत नाही. खरं काम असतं जवारीचं. तार ज्या घोडीवरून जाते त्या घोडीचा माथा सपाट दिसला तरी सपाट नसतो. त्याला अगदी किंचित उतार असतो आणि कंप पावणारी तार त्या उताराला निसटता स्पर्श करत राहते. त्या स्पर्शातूनच तंबोऱ्याचा तो भरलेला, झणकारणारा नाद निघतो. उतार कणभर जास्त झाला तर तार पातळ वाजते, कमी झाला तर मुकी होते. जवारी काढणारा कारागीर कानशीने घोडीवर दोन हात फिरवतो, पुसतो, तार चढवतो, छेडतो, ऐकतो. पुन्हा तार उतरवतो. तंबोऱ्याला तर तारेखाली सुताचा धागा सरकवून नादाची अचूक जागा शोधावी लागते. कुणाला जवारी खुली हवी असते, कुणाला बंद. गाणाऱ्याचा आवाज कसा आहे, त्याची पट्टी कोणती, हे लक्षात घेऊन हात चालतो. आणि वाजवून वाजवून तारेने घोडीत चर पडले की सगळं पुन्हा करावं लागतं.

या कामाला मोजपट्टी नाही. चुकीला माफीही नाही, कारण घासून गेलेला कण परत येत नाही. शिकाऊ पोरगा आधी कित्येक महिने नुसती दुकान झाडण्याची, लाकूड घासण्याची कामं करतो आणि ते करताना दिवसभर त्याच्या कानावर चांगली जवारी आणि वाईट जवारी पडत असते. हात तयार होण्याआधी कान तयार होतो. कसबी माणसाच्या घडणीतला हा भाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चांगलं काय हे त्याला आधी कळतं आणि ते करता नंतर येतं. मधल्या काळात तो स्वतःच्या कामावर नाखूश असतो, आणि ती नाखुशीच त्याला घडवते. अर्धवट शिकलेल्याची खरी अडचण हात कच्चे असण्याची नसतेच. आपलं काम कच्चं आहे हे त्याच्या कानाला, डोळ्याला कळत नाही.

पुण्याच्या तांबट आळीतही हेच दिसतं. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकाशेजारी एक ठोके देत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते. पण ठोक्यांनी तांबं कठीण होतं, भांड्याला बळकटी येते. ठोका कमी पडला तर भांडं मऊ राहतं, जास्त पडला तर पत्रा फाटायला येतो. तांबटाचा हात थांबतो तो आवाज बदलला म्हणून. यंत्रावर दाबून नुसते ठसे उमटवलेलं भांडं आज बाजारात त्याच्या शेजारीच मांडलेलं असतं, आणि गिऱ्हाईक दोन्ही भांड्यांच्या किमतीची तुलना करतं.

तंबोरा बेसूर झाला तर मैफल बिघडते. वीज चुकली तर माणूस जातो. म्हणून घराघरांतल्या वायरिंगबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे.

जुन्या घरांत अनेकदा अर्थिंगच नसतं. गीझर बसवायला आलेल्या अर्धवट वायरमनपुढे तीन पिनांचा प्लग असतो आणि भिंतीत वायरी दोनच. तो काय करतो? न्यूट्रलची वायर फिरवून अर्थच्या पिनेलाच जोडून देतो. गीझर चालू होतो, पाणी गरम येतं, टेस्टर लावला तर पत्र्यावर काही दिसत नाही. काम चोख वाटतं. महिन्यांनी किंवा वर्षांनी कुठेतरी ती न्यूट्रल सैल होते किंवा तुटते आणि त्याच क्षणी गीझरच्या सगळ्या पत्र्यात वीज उतरते. ओल्या अंगाने नळाला हात लावणाऱ्याला कळतही नाही की आपण कशाला हात लावतोय.

दुसरी नेहमीची गोष्ट एमसीबीची. ती सारखी पडते अशी तक्रार घरातून आली की अर्धवट माणूस 16 अँपिअरची काढून 32 ची बसवतो. तक्रार मिटते, घरातले त्याला दुवा देतात. पण एमसीबी असते ती भिंतीतली वायर तापू नये म्हणून. आता एमसीबी पडत नाही, वायर तापते. आग लागल्यावर वर्तमानपत्रात दोन शब्द येतात, 'शॉर्ट सर्किट'. तेवढ्यावर चौकशी संपते. देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं मरतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे सांगतात. त्यात शेतातल्या तारा आहेत, उघडे खांब आहेत, आणि घरातली अशी 'चालू झालेली' कामंही आहेत.

खरा वीजतंत्री त्याच घरात आला तर आधी एमसीबी का पडते ते शोधतो. वायरची जाडी बघतो, मेगर लावून वायरीचं आवरण तपासतो, अर्थिंग नसेल तर 'आधी ते करून घ्या, मग गीझर' असं सांगतो आणि बऱ्याचदा काम गमावतो. कारण शेजारच्या गल्लीत 'अर्ध्या तासात करून देतो' म्हणणारा बसलेलाच असतो. नाही म्हणता येणं हा कसबाचा भाग आहे, आणि बाजारात त्याच भागाची किंमत शून्य आहे.

नळाच्या कामातही वेगळं काही नाही. न्हाणीघरातल्या जाळीखाली जो पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग असतो त्याला देशभरातले अभियंते 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या न्हाणीवरूनच ते नाव पाठ्यपुस्तकात गेलं. त्यात साधारण 50 मिलिमीटर पाणी उभं राहिलं पाहिजे, म्हणजे गटाराची हवा घरात येत नाही. उंची मिळत नाही म्हणून तो ट्रॅपच गाळून टाकलेली न्हाणीघरं शहरांत कमी नाहीत. लादी मात्र सुंदर असते.

हे असं का चालतं? पैसे वाचवण्याची वृत्ती हे एक कारण, पण ते वरवरचं. मुळाशी आपल्या समाजाची एक जुनी खोड आहे. सुतारकी सुताराची, लोहारकी लोहाराची, गवंडीकाम गवंड्याचं, असं आपण कसब जन्माला बांधून ठेवलं. मग 'त्याच्या रक्तातच आहे' असं म्हणून आपण त्याचं कौतुक करतो. ऐकायला हे कौतुक वाटतं, पण पंधरा वर्षं उन्हात उभं राहून, बोटं कापून घेऊन, उस्तादाच्या शिव्या खाऊन तो जे शिकला ते त्यात पुसून टाकलं जातं. जे रक्तात आहे त्याचे जास्त पैसे कशाला द्यायचे? आणि जे शिकावं लागतच नाही ते शिकवायची सोय तरी कशाला करायची? बलुत्याचा हिशेब संपला, तरी बलुतेदाराला वर्षाचं धान्य देऊन काम करून घ्यावं ही वृत्ती काही संपलेली नाही.

महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं तेव्हा स्वतःची ओळख व्यापारी आणि शेतकरी अशी करून दिली होती. 1870 च्या दशकात पुण्याजवळच्या धरणाच्या बांधकामाला त्यांनी सामान पुरवलं होतं. दगड फोडणारे, चुना मळणारे, भिंत उचलणारे लोक त्यांनी जवळून पाहिले होते. शिक्षण हाताने काम करणाऱ्यांच्या उपयोगाचं असावं, हा त्यांचा आग्रह पुस्तकी नव्हता. त्यांचे पुतळे गावोगावी उभे राहिले, पण तो आग्रह आपण फारसा मनावर घेतला नाही.

सरकारी सोयी आहेतच. 1950 पासून कारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्था चालतात. वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी हे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम, नळ कारागीर एका वर्षाचा. 1961 चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात गवंडी आणि सुतारही. अवजारांसाठी 15,000 रुपये, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये, स्वस्त कर्ज, हे सगळं चांगलं आहे. पण मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं आहे. जो आधीच कसबी आहे त्याला त्यातून ओळखपत्र मिळतं आणि ते मिळायलाच हवं. जो कसबी नाही त्याला मात्र सात दिवसांत कसब येत नाही, आणि प्रमाणपत्र दोघांच्या खिशात सारखंच असतं. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो कल्याणाच्या हक्कासाठी योग्यच आहे. पण त्या दाखल्यात दिवस मोजलेले असतात, काम कसं केलं ते मोजलेलं नसतं.

परवान्यांचं चित्र तर चमत्कारिक आहे. दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर विजेचं काम परवानाधारक कंत्राटदारानेच आणि सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच करावं, असा नियम आहे. महापालिका प्लंबरला परवाने देतात. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी कागदावर सही एकाची असते आणि भिंतीत हात दुसऱ्याचा. ज्याच्या हातावर सगळ्या घराचा भार उभा असतो त्या गवंड्याला तर कसलीच परीक्षा नाही. रिक्षा चालवायला परवाना लागतो, बॅज लागतो. तीन मजली घराचा खांब ओतायला काहीच लागत नाही.

या बाबतीत जर्मनीचा अनुभव बोलका आहे. तिथे 1953 च्या कारागिरी कायद्याने कित्येक व्यवसायांत स्वतंत्र धंदा सुरू करायला 'माइस्टर' म्हणजे उस्तादाची परीक्षा सक्तीची होती. नोकऱ्या वाढाव्यात, धंदा मोकळा व्हावा म्हणून 2004 मध्ये पन्नासहून अधिक व्यवसायांतून ही अट काढून टाकली. त्यात लादी बसवणारेही होते. परीक्षा न दिलेले एकेकटे लादीवाले भराभर वाढले, शिकाऊ उमेदवार घेणारे उस्ताद घटले, कामाच्या दर्जाबद्दल ओरड सुरू झाली. अखेर 2020 मध्ये 12 व्यवसायांना ती अट पुन्हा लावावी लागली. लादीवाले त्यात आहेत. उस्ताद नाहीसा झाला की नुसतं आजचं काम बिघडत नाही, उद्याचा शिकाऊही नाहीसा होतो. मोडलेली ही साखळी पुन्हा जोडायला त्या देशाला सोळा वर्षं लागली.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने त्याच जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. वीजतंत्री, प्लंबर, परिचारिका, चालक तिकडे जावेत म्हणून जर्मन भाषेचे वर्ग सुरू झाले. मराठी तरुणांना चांगली नोकरी मिळत असेल तर त्याचा आनंदच आहे. तिथे गेल्यावर त्यांचं काम तपासलं जाणार, कमी पडलं तर पुन्हा शिकवलं जाणार, आणि पुरं पडलं तर त्याचा योग्य मोबदला मिळणार. नाशिकच्या किंवा सोलापूरच्या मुलाने श्टुटगार्टमधल्या घरात अर्थिंग चोख करावं आणि त्याच्या स्वतःच्या गावातल्या घरात न्यूट्रल अर्थला जोडलेली असावी, ही स्थिती आपण मान्य करता कामा नये.

करायला हवं ते अवघड नाही. भिंतीत, स्लॅबमध्ये, लादीखाली झाकल्या जाणाऱ्या प्रत्येक कामासाठी किमान एक प्रमाणित माणूस साइटवर हजर असणं सक्तीचं हवं. नुसती सही पुरे नाही. त्याची परीक्षा पुस्तकी नको, प्रत्यक्ष कामावर, मराठीत आणि तोंडी हवी. नाहीतर अक्षरओळख नसलेला पण ओळंब्याकडे एक नजर टाकून भिंतीचा झोक सांगणारा म्हातारा गवंडी नापास होईल आणि पाठांतर केलेला पोरगा पास होईल. उस्तादाला शिकाऊ ठेवण्याचा मोबदला मिळायला हवा. आज पोराला शिकवण्यात त्याचा दिवस बुडतो, आणि तो भुर्दंड तो एकटा सोसतो. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर आपण गोळा करतोच. त्यातला एक भाग या शिकवणीवर खर्च व्हावा, ही मागणी करायला कुणाची हरकत असू नये.

नियम येतील तेव्हा येतील. तोवर बरंच काही घरधन्याच्या हातात आहे. घर बांधायला काढलेल्यांनी, दुरुस्तीला हात घातलेल्यांनी कामाच्या आधी दर विचारावा, पण त्याबरोबर 'हे झाकण्याआधी मला दाखवशील का' हेही विचारावं. खऱ्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही, आनंद होतो. वायरिंग झाल्यावर अर्थिंग तपासून घ्यावं. गच्चीवर कोबा घातला की दोन-तीन दिवस पाणी साठवून खाली ओल येते का पाहावं. स्लॅबच्या दिवशी कव्हर ब्लॉक मोजावेत, मिक्सरपाशी मापाची बादली ठेवावी. आता बाजारात बहुतेक सिमेंट मिश्र प्रकारचं मिळतं, त्याच्या स्लॅबवर किमान दहा दिवस, जमल्यास चौदा दिवस पाणी टिकलं पाहिजे. आळी करून ते साठवावं, चौथ्या दिवशी कंटाळू नये. आणि त्या दिवशी एखादा गवंडी 'पाणी कमी घाल' म्हणाला, तर घरधन्याने त्याच्या शेजारी जाऊन उभं राहावं, आणि संध्याकाळी हिशेब करताना त्याची मजुरी बिगाऱ्याच्या ओळीत लिहू नये.